रांगेचा राखणदार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर गेटवर बोलतच असतो. आजचा विषय निराळा आहे. चॅटच्या मंचावर आपले प्रोग्रॅम संदेश पाठवतात, त्यांची गती आवरणारा मध्यस्थ कसा बसवावा, हा तो विषय. इंग्रजीच्या वळणाने त्याला ‘रेट-लिमिटिंग प्रॉक्सी’ म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट तितकी अवघड नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा जे आम्हांस समजले ते आपणांस समजण्यास काही हरकत नाही, या भरवशावर आम्ही येथे उभे आहोत.

या विषयाशी आमचा संबंध कसा आला, ते प्रथम सांगितले पाहिजे. आमची युनियन एका औद्योगिक वसाहतीतील अकरा कारखान्यांत काम करते. सभासद सुमारे अठराशे. पूर्वी सूचना फळ्यावर खडूने लिहीत आणि पाळी सुटताना पत्रके वाटीत. करोनाच्या साथीत गेटवर जमणे बंद झाले, तेव्हा कचेरीतल्या तरुण मुलांनी एका चॅटमंचावर युनियनचे खाते उघडले आणि दर कारखान्यामागे एक दालन केले. हळूहळू त्या खात्याच्या नावाने तीन छोटे प्रोग्रॅम काम करू लागले. अशा प्रोग्रॅमला बॉट म्हणतात. पहिला बॉट सूचना पाठवी. दुसरा वर्गणीची आठवण देई. तिसरा रजेचा नियम काय, पीएफचा अर्ज कोठे मिळतो, अशा नेहमीच्या प्रश्नांना उत्तरे देई. तिघांचे ओळखपत्र मात्र एकच होते.

२०२३ च्या पावसाळ्यात एकदा वेतनकराराची बोलणी रात्री नऊ वाजता फिसकटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीआधी गेटसभा ठरलेली होती. ती गेटऐवजी जवळच्या मैदानात घ्यावी, असे कार्यकारिणीने ठरवले आणि पहिल्या बॉटला अकराही दालनांत सूचना टाकण्याचा हुकूम झाला. नेमकी ती महिनाअखेर होती. दुसरा बॉट शेकडो सभासदांना वर्गणीची आठवण देत बसला होता. बोलणी मोडल्याची कुणकुण लागल्यामुळे सभासद प्रश्नांवर प्रश्न विचारीत होते आणि तिसरा त्यांना उत्तरे देत होता. मंचाने सांगितले, फार झाले, जरा थांबा. आमच्या प्रोग्रॅमांना थांबणे कोणी शिकवलेच नव्हते. नकार आला की ते त्याच क्षणी पुन्हा मागत. थोड्याच वेळात मंचाने आमच्या यंत्राला दारच बंद केले. सहा दालनांत सूचना गेली, पाच राहिली.

सकाळी काही लोक मैदानात, काही गेटवर. पॅकिंग खात्यातल्या कंत्राटी बाया तासभर पावसात गेटवर उभ्या राहिल्या; मग कोणी सांगितले म्हणून मैदानाकडे धावल्या, आणि परत येईतो पाळी लागून गेली होती. त्यांचा अर्धा दिवस कापला गेला. ती मजुरी युनियनने आपल्या पेटीतून भरून दिली, पण त्यांतल्या एक जाणत्या बाई आम्हांस म्हणाल्या, “भाऊ, फळ्यावर खडूनं लिहिलं असतंत तर दिसलं तरी असतं.” या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मंचाला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने मर्यादा आधीच छापून ठेवली होती. दोष आमचा होता, आणि तो यंत्राचा कमी, संघटनेचा अधिक होता. तो कसा, हेच आज सांगावयाचे आहे.

माणूस चॅटमंच वापरतो तेव्हा पडद्यावर बोट ठेवतो. प्रोग्रॅमला बोट नाही. त्याच्यासाठी मंचवाला एक खिडकी उघडून ठेवतो. तिला एपीआय म्हणतात. या खिडकीवर ठराविक नमुन्यात अर्ज करावयाचा: अमुक दालनात अमुक मजकूर टाका, अमुक दालनातले जुने संदेश दाखवा, वगैरे. अर्जासोबत टोकन नावाची एक गुप्त खूण द्यावी लागते. ते आपले मुखत्यारपत्र. ज्याच्या हाती टोकन पडले तो आपल्या नावाने बोलू शकतो, म्हणून ते तिजोरीच्या किल्लीसारखे जपावे लागते. अर्जाला उत्तर येते ते एका तीन अंकी संख्येसह. २०० म्हणजे काम झाले. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. आणि ४२९ म्हणजे तुमचे अर्ज फार झाले. हा शेवटचा आकडा इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५८५ या दस्तऐवजात नोंदला. त्याच्याबरोबर ‘रिट्राय-आफ्टर’ अशी नोंद देता येते. म्हणजे किती वेळाने पुन्हा यावे, तेही खिडकीवालाच सांगतो.

मर्यादा मुळात असावीच कशाला, असे कोणी विचारील. खिडकीमागे शेवटी यंत्रेच असतात आणि त्यांची ताकद मोजकी असते. लाखो प्रोग्रॅम एकाच वेळी मागणी करीत असताना एखादा बिघडलेला प्रोग्रॅम सेकंदाला हजार अर्ज टाकू लागला, तर तो बाकीच्यांचा वाटा खातो. आम्हां कामगारांना मर्यादा या शब्दाचे वावडे नाही. मोठ्या माणसांचा कामाचा आठवडा १९२२ च्या कायद्याने ६० तासांवर, बारमाही कारखान्यांत १९३४ च्या कायद्याने ५४ तासांवर आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ४८ तासांवर आला. त्या मर्यादा नसत्या तर बळवंताने दुबळ्याचे आयुष्य पिळून घेतले असते. तेव्हा मर्यादा दिसली की ती शत्रूच असे समजण्याचे कारण नाही. ती कोणासाठी आहे आणि ती जाहीर केलेली आहे की नाही, एवढे मात्र पाहावे.

आपले नियम सविस्तर जाहीर करणारा मंच म्हणून आपण डिस्कॉर्डचे उदाहरण घेऊ. २०१५ साली सुरू झालेला हा अमेरिकेतला चॅटमंच आहे. त्याच्या खिडकीवर मर्यादा एक नसून तीन थरांची आहे. पहिला थर सर्वसाधारण: एका बॉटने सर्व मिळून सेकंदाला ५० अर्ज करावेत. दुसरा थर कामागणिक: संदेश टाकणे, संदेश पुसणे, सभासदांची यादी मागणे, यांचे हिशेब निरनिराळे ठेवले जातात. अशा प्रत्येक हिशेबाला ‘बकेट’ म्हणजे बादली म्हणतात, आणि दालन वेगळे असेल तर त्याची बादलीही वेगळी धरतात. या बादल्यांचे आकडे बदलू शकतात, म्हणून ते प्रोग्रॅममध्ये कायमचे लिहून ठेवू नयेत, असे मंचच बजावतो. त्याऐवजी बहुतेक उत्तरांच्या माथ्यावर तो नोंदी पाठवतो: या बादलीची एकूण मर्यादा किती, आता शिल्लक किती, आणि बादली पुन्हा भरण्यास किती सेकंद आहेत. तिसरा थर शिक्षेचा. एका इंटरनेट पत्त्यावरून १० मिनिटांत १०,००० अर्ज ४०१, ४०३ किंवा ४२९ या उत्तरांचे धनी झाले, तर त्या पत्त्याला काही काळ दार बंद.

दहा हजार हा आकडा मोठा वाटतो. पण यंत्राच्या हाताने हिशेब करून पाहा. नकार मिळताच पुन्हा मागणारा प्रोग्रॅम सेकंदाला २० वेळा मागत असेल, तर १०,००० नकार गोळा करण्यास त्याला ५०० सेकंद पुरतात; म्हणजे साडेआठ मिनिटांच्या आत खेळ संपला. माणूस हट्टाला पेटला तरी थकतो. यंत्र थकत नाही, म्हणून त्याचा हट्ट अधिक घातक.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, कारखान्याच्या कँटीनची खिडकी एका वेळी ५० माणसांना जेवण देऊ शकते. तीन खात्यांच्या तीन सुपरवायझरांनी ती पाटी वाचली आणि प्रत्येकाने शिस्तीने मोजून ५० माणसे पाठवली. एकानेही नियम मोडला नाही. तरी खिडकीवर १५० माणसे आली आणि गोंधळ झाला. आमच्या तीन बॉटांचे हेच झाले. त्यांतल्या एकेकाला थांबण्याची शिस्त लावली असती, तरी सगळे सुटले नसते. कारण परवाना एकच आणि मोजणारे तिघे. स्वतंत्रपणे शिस्तीत वागणाऱ्यांची बेरीज शिस्तच होते असे नाही, हे आम्ही संपाच्या काळात अनेकदा पाहिले आहे. यंत्रांतही तोच न्याय लागू पडतो, हे मात्र नव्याने शिकलो.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे वाटणी: ५० चे तीन भाग करून प्रत्येकाला १६ द्यावेत. ही वाटणी दिसायला न्याय्य, पण प्रत्यक्षात उधळी. वर्गणीचा बॉट महिन्याचे सत्तावीस दिवस झोपलेला असतो. त्याचा वाटा वाया जातो, आणि तातडीची सूचना मात्र आपल्या १६ वर अडून राहते. चौथा बॉट आला की पुन्हा वाटणी. शिवाय बादल्यांचे आकडे उत्तरागणिक बदलत असताना अशी कायमची वाटणी टिकणार कशी?

खरा उपाय म्हणजे खिडकीपाशी आपला स्वतःचा एक माणूस उभा करणे. कँटीनकडे जाणाऱ्या सर्वांनी त्याच्याकडे यावे. तो रांग लावील, मोजील आणि खिडकी मोकळी होईल तसे सोडील. हा माणूस म्हणजेच गतिमर्यादा राखणारी प्रॉक्सी. ती आपल्याच यंत्रावर किंवा आपल्याच जाळ्यात चालते. बॉट आपले अर्ज थेट मंचाकडे न पाठवता तिच्याकडे पाठवतात, ती ते योग्य वेळी पुढे पाठवते आणि उत्तर जसेच्या तसे बॉटला आणून देते. मंचाला वाटते एकच शिस्तीचा अर्जदार आला आहे. बॉटला वाटते आपण मंचाशीच बोलतो आहोत, फक्त उत्तर कधीकधी जरा उशिरा येते.

तिच्या पोटात काय चालते? बिल्ल्यांचा एक डबा कल्पावा. सेकंदाला ५० बिल्ले डब्यात पडतात, आणि ५० हून जास्त त्यात मावत नाहीत. अर्ज बाहेर पडताना एक बिल्ला घेतो. डबा रिकामा असेल तर थांबतो. हा सर्वसाधारण मर्यादेचा हिशेब झाला. त्याखेरीज प्रत्येक बादलीसाठी एकेक रांग असते. एखाद्या कामाची मर्यादा अद्याप ठाऊक नसेल तर प्रॉक्सी पहिला अर्ज एकट्यालाच पुढे सोडते आणि बाकीच्यांना थांबवते. त्याच्या उत्तरावरच्या नोंदी वाचून मर्यादा शिकते आणि मग रांग हलवते. बादली भरण्याची वेळ दोन रीतींनी कळवली जाते: अमुक वाजता, किंवा अमुक सेकंदांनी. यांपैकी दुसरी रीत धरावी. आपल्या यंत्राचे घड्याळ दोन सेकंद पुढे असले की पहिल्या रीतीने आपण दोन सेकंद लवकर दार ठोठावतो आणि नकार घेऊन येतो. इतके करूनही ४२९ आलेच, तर सांगितला तेवढा वेळ ती रांग बंद ठेवावी. नकार सर्वसाधारण मर्यादेचा असेल तर सगळ्याच रांगा थांबवाव्यात.

ही प्रॉक्सी आपण लिहिलीच पाहिजे असे नाही. डिस्कॉर्डसाठी तयार आणि खुल्या प्रॉक्सी मिळतात. ‘ट्वायलाइट’ प्रकल्पाची एक रस्ट भाषेत आहे, ‘निर्न’ नावाची एक गो भाषेत आहे. बसवण्याचे काम थोडक्यात असे. प्रॉक्सी आपल्या यंत्रावर सुरू करावी. मग प्रत्येक बॉटच्या मांडणीत जेथे मंचाचा पत्ता लिहिलेला असतो, तेथे प्रॉक्सीचा पत्ता लिहावा. प्रथम एकच बॉट तिच्यामागे लावून दोन-चार दिवस पाहावे, नंतर बाकीचे. एकही बॉट मागच्या दाराने थेट मंचाकडे जात नाही ना, याची खात्री करावी. एक जरी तसा जात राहिला तरी राखणदाराचा हिशेब खोटा ठरतो. आमच्याकडे वर्गणीचा बॉट असाच आठवडाभर परस्पर जात होता आणि नकार का येतात हे कोणास उमगत नव्हते.

त्यानंतर दाराची काळजी. प्रॉक्सी फक्त आपल्या यंत्राच्या किंवा आपल्या जाळ्याच्या आतल्या पत्त्यावरच अर्ज स्वीकारील, असे करावे. ट्वायलाइटच्या प्रॉक्सीला टोकन सुरुवातीलाच देऊन ठेवता येते; अशी प्रॉक्सी इंटरनेटवर उघडी राहिली तर कोणताही वाटसरू युनियनच्या नावाने बोलू लागेल. तिच्या नोंदवहीत वेळ, कामाचा प्रकार आणि उत्तराचा आकडा एवढेच असावे. सभासदाचे नाव किंवा संदेशाचा मजकूर तीत उतरू नये. कोणत्या कामगाराने कोणता प्रश्न विचारला, ही माहिती चुकीच्या हाती गेली तर एखाद्याची नोकरी जाईल, हे आम्ही आपणांस सांगावयास नको.

येथवर यंत्राचे झाले. पण राखणदार नेमला म्हणजे सगळे मिटले, असे समजू नये. त्याला काय महत्त्वाचे हे आपण सांगावे लागते. नुसती आल्या क्रमाची रांग लावली, तर पाचशे वर्गणीच्या आठवणींमागे उद्याच्या सभेची सूचना उभी राहील. म्हणून आम्ही दोन रांगा केल्या: तातडीची आणि साधी. तातडीच्या रांगेत काय जावे हे कार्यकारिणीने ठरावाने निश्चित केले, नाहीतर प्रत्येकाला आपलेच काम तातडीचे वाटते. दुसरे, प्रत्येक संदेशाला मुदत असावी. सकाळी सातच्या सभेची सूचना नऊ वाजता पोहोचली तर ती न पोहोचण्याहून वाईट. मुदत टळलेला संदेश रांगेतून काढून टाकावा आणि तो काढला हे कचेरीला कळवावे. तिसरे, रांगेला लांबीची हद्द असावी. चौथे, नकार आणि मौन यांत फरक करावा. ४२९ आला म्हणजे काम झालेले नाही हे निश्चित, तेव्हा थांबून पुन्हा पाठवण्यात धोका नाही. पण उत्तरच आले नाही, तर काम झालेही असेल. डोळे मिटून पुन्हा पाठवल्यास एकच सूचना दोनदा जाते. आणि पाचवे, राखणदार आजारी पडला तर सगळेच थांबते. एका दारावर सर्व भार टाकल्याची ती किंमत आहे. म्हणून तो पडल्यास आपोआप पुन्हा उभा राहील आणि कोणास तरी फोन जाईल, अशी तजवीज हवी.

याहून साधा एक उपाय आम्हांस फार उशिरा सुचला. मुळात मागणेच कमी करावे. तिसरा बॉट दर मिनिटाला सभासदांची पूर्ण यादी नव्याने मागत असे. ती दिवसातून एकदा घेऊन जपून ठेवली, तर दिवसाचे १,४३९ अर्ज वाचतात. अठराशे जणांना अठराशे संदेश पाठवण्याऐवजी अकरा दालनांत अकरा संदेश टाकले, तर रांग लागतच नाही. राखणदार नेमण्यापूर्वी आपलीच काटकसर तपासावी.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो आम्ही युनियनवाले म्हणून मांडतो. मर्यादा ठरवणारा मंचाचा मालक असतो. त्या टेबलावर आम्हांस खुर्ची नाही. टेलिग्राम या मंचाचे पाहा. तेथे बॉटने एका गप्पेत सेकंदाला एकाहून अधिक संदेश टाकू नये, एका गटात मिनिटाला २० च्या वर जाऊ नये आणि मोठ्या वाटपात सेकंदाला सुमारे ३० च्या आत राहावे, असे सांगितलेले आहे. त्या गतीने आमच्या अठराशे सभासदांना निरोप द्यावयाचा तर एक मिनिट लागेल. पण २०२४ पासून तेथे पैसे भरून सेकंदाला १,००० पर्यंत संदेश पाठवण्याची सोय झाली आहे. म्हणजे थांबावे की नाही, हे खिशावरही अवलंबून राहू लागले. यात बेकायदा काही नाही. खिडकी त्यांची आहे. आपण एवढेच ध्यानात ठेवावे की, दुसऱ्याच्या खिडकीवर आपला आवाज गहाण टाकणे बरे नव्हे. शिस्तीने रांगेत उभे राहावे, आणि खिडकी बंद झाली तर काय, याचीही तयारी ठेवावी.

आज आमच्या कचेरीतल्या एका जुन्या संगणकावर ही प्रॉक्सी चालते. तिन्ही बॉट तिच्यामागे आहेत. महिन्याच्या बैठकीत वर्गणीच्या हिशेबाबरोबर नकारांचा आकडाही वाचून दाखवला जातो, कारण जे मोजले जात नाही ते सुधारत नाही, हे आम्ही उत्पादन बोनसच्या वाटाघाटीतच शिकलो होतो. सूचना आता अकराही दालनांत पोहोचते.

आणि अकराही गेटांवर फळे पुन्हा लावले आहेत. सभेची जागा बदलली की पाळीप्रमुखाने ती खडूने लिहावयाची, असा नियम आहे. पॅकिंग खात्याच्या गेटवरच्या फळ्याचे काम त्या जाणत्या बाईंनी आपण होऊन मागून घेतले आहे. त्या मोबाइलवरची सूचना वाचतात आणि मगच खडू हाती घेतात.